माव्याचं पांजरपोळ

गाडी मिरजेहून दुपारची होती, पण आईनं मला सकाळीच अंघोळ करायला लावून बस्तीत नेलं. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाहेर शेजाऱ्यांची गाडी चालू ठेवून बसले होते आणि मधूनमधून हॉर्न मारत होते. आत उपाध्ये, म्हणजे बस्तीचे पुजारी, गंधाची वाटी घेऊन उभे, मी नव्या ड्रेसमध्ये घामेघूम, आणि आई माझ्या ओंजळीत तांदूळ ओतत होती. म्हणाली, नियम घे. मला वाटलं, चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात तसलं काहीतरी असेल. तर ती म्हणाली, "म्हण, परत येईस्तोवर जाणूनबुजून एकबी जीव माझ्या हातनं जाणार न्हाय." मी म्हटलं. कशाला नको म्हणू? मी जाणार होते ती मुळांवरच्या गाठी बघायला. उपाध्यांनी कपाळाला गंध लावलं, अण्णांनी परत हॉर्न मारला आणि आम्ही निघालो.

मी तेव्हा जयसिंगपूरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या पोरांना प्रयोगशाळेत कामाला घ्यायचे. विषय सहजीवन. दोन वेगळ्या जातीचे जीव एकमेकांच्या आधारानं कसे जगतात, त्याचा अभ्यास. भुईमुगाचा वेल उपटला की मुळांना ज्या बारीक गाठी दिसतात, त्यात जीवाणू राहतात. ते वेलाला खत देतात, वेल त्यांना साखर देतो. हे मी आईला चुलीपुढं बसून समजावलं, तेव्हा ती खूश झाली होती. म्हणाली, बस्तीच्या भिंतीवर हेच तर लिहिलंय, जीव एकमेकांच्या उपकारावर जगतात म्हणून, त्यासाठी बेंगळुरूला कशाला जायला पाहिजे? पण जाऊ दिलं.

खरं सांगायचं तर मी जन्माची भित्री. एकटीनं कोल्हापूरलासुद्धा कधी गेले नव्हते. मिरजेच्या फलाटावर अण्णांनी मला खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली, "पोचलीस की फोन कर" एवढं एकच वाक्य तीन वेगवेगळ्या आवाजांत बोलले आणि खाली उतरून दुसरीकडेच बघत उभे राहिले. आई मात्र खिडकीचे गज धरून होती. गाडी हलली तरी सोडेना. चार पावलं चालत आली, मग एका पोर्टरनं तिला ओरडून मागं केलं. मला रडू आलं नाही, पोटात मुरडा आला. बेळगाव जाईपर्यंत मी संडासाच्या दाराशी उभी होते. घर सोडून गेलेल्यांच्या आठवणी लोक फार गोड करून सांगतात. माझी अशी आहे, काय करणार.

हे मी आज का लिहितेय, तर आमच्या कॉलेजच्या पोरी मला विचारतात, ताई, समर रिसर्चला कसं जायचं, अर्ज कसा भरायचा, मुलाखतीत काय विचारतात. ते सगळं वेबसाइटवर लिहिलेलं असतं गं बायांनो. जे तिथं लिहिलेलं नसतं ते सांगते. आणि माझ्यासारख्या ज्या आधीच गेल्यात, कुणी पुण्याला, कुणी दुबईला, त्यांनीही वाचावं. बघू, त्यांच्याही पोटात मुरडा येतो का.

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, धारवाडकडच्या, केस बारीक कापलेले, बोलणं चाकूसारखं. म्हणाल्या, मुळांच्या गाठींची रोपं मर रोगानं गेली, तो प्रकल्प ह्या वर्षी नाही. तू माव्यावर काम करशील. आणि एक चवळीचं रोप माझ्यापुढं ठेवलं. शेंड्याला काळ्या किड्यांचा थर. ऊस, चवळी, वांगी, सगळ्यांवर मावा पडताना मी लहानपणापासून बघितलाय. पण त्या दिवशी तो बघून मी एक पाऊल मागं सरले, कारण पुढचं वाक्य काय येणार ते मला कळलं होतं.

माव्याच्या पोटात एक जीवाणू राहतो, मॅडम सांगत होत्या. मावा झाडाचा रस पितो, त्या रसात साखर भरपूर, बाकी पोषण जवळजवळ नाही. ते पोषण हा जीवाणू तयार करून देतो. बाहेर काढला तर तो जीवाणू जगत नाही, आणि त्याच्याशिवाय मावा नीट वाढत नाही. माव्याच्या माद्या बहुतेक वेळा नराशिवायच पोरी जन्माला घालतात, आणि पोर पोटात असतानाच आईकडचा जीवाणू तिच्यात जातो. आम्ही काय करणार, तर चवळीचे देठ अँटिबायोटिकच्या पाण्यात ठेवून, तो रस माव्याला पाजून, जीवाणू मारणार आणि माव्याचं काय होतं ते बघणार. आणि जीवाणू खरंच मेला का हे तपासायला दर आठवड्याला थोडे मावे छोट्या नळीत घालून चिरडायचे. उरलेले, जास्तीचे, स्पिरिटच्या बाटलीत.

जीवाणूंचं मी मनाला समजावलं. तापात आपण गोळ्या घेतोच की. पण मावा म्हणजे सहा पाय, दोन डोळे. माझ्या नियमात तो अगदी मधोमध बसत होता. मॅडमना सांगावं तर पहिल्याच दिवशी? मान हलवली आणि बाहेर आले.

मावा एका पानावरून दुसऱ्यावर नेताना बारीक ब्रश वापरतात. त्याची सोंड पानात रुतलेली असते, ओढलं तर मोडते. आधी पाठीवर हळूच गुदगुली करायची, त्यानं सोंड काढून घेतली की मग उचलायचं. दिव्या म्हणून एक पीएचडी करणारी मुलगी मला शिकवायला होती, मंगळूरची. तिच्या हातून पाचातला एक मरायचा. माझ्या हातून एकही मरेना. आमच्याकडे पिठात अळी निघाली तरी कागदावर घेऊन अंगणात सोडतात, त्या घरात वाढलेला हात तो. मॅडमनी एकदा मागं उभं राहून बघितलं आणि म्हणाल्या, हात चांगला आहे. मला त्या कौतुकाचीसुद्धा भीतीच वाटली, कारण चिरडायचा दिवस जवळ येत होता.

आई रोज दुपारी फोन करायची. जेवलीस का, पाणी गाळून पितेस का. तिनं बॅगेत पाणी गाळायचं दुहेरी फडकं घालून दिलं होतं, होस्टेलच्या नळाला बांधायला. मग विचारायची, काय काम करतीस? मी म्हणायचे, पानं मोजते. हो, मोजतच होते की, पण त्यावरचे मावे मोजायला. फोन ठेवला की आईला आता कळलं असणार असं वाटायचं.

पहिल्या आठवड्याची चिरडायची नळी मी दिव्याकडे सरकवली, आणि पुढच्याचीही. म्हटलं, तू कर, मी तुझ्या सगळ्या कुंड्या धुते. तिनं हसत हसत केलं. पण मला सुख नाही. आईनं लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलंय, केलं काय, करवलं काय आणि दुसऱ्यानं केल्याला बरं म्हटलं काय, तिन्हींचा दोष सारखाच. म्हणजे कुंड्या धुऊन मी काय मिळवलं? हात दुखले, तेवढंच.

आणि मग जास्तीचे मावे. ते स्पिरिटच्या बाटलीत टाकायचं काम माझंच होतं. बाटली उघडली की त्या वासानंच मला कसंतरी व्हायचं. तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. आमच्या भागात म्हाताऱ्या, भाकड जनावरांना कसायाकडे देत नाहीत, पांजरपोळात नेऊन सोडतात. तिथं ती आपल्या मरणानं मरेपर्यंत चारा खातात. मी रोपांच्या खोलीत, मागच्या मांडणीच्या कोपऱ्यात चवळीची एक जास्तीची कुंडी ठेवली. औषध न पाजलेले जास्तीचे मावे ब्रशनं उचलून त्या रोपावर. वरून काय झाकावं? आईचं गाळायचं फडकं. रबर लावून पक्कं बांधलं. मला इतकं हलकं वाटलं! त्या रात्री पहिल्यांदा मला धड झोप लागली. खोलीत कुणी विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं, पण कुणी मागच्या मांडणीकडे बघतच नव्हतं.

आता जी शेतकऱ्याची पोर आहे तिला पुढचं कळलं असेल. मला कळायला हवं होतं. माव्याला पांजरपोळ मानवतं. मावा वाढतो. एकीच्या पोरी, त्या पोरींच्या पोरी, आठवड्याभरात फडक्याखालचं रोप काळंभोर झालं. आणि माव्याची एक गंमत अशी की गर्दी झाली की आया पंखवाल्या पोरी जन्माला घालायला लागतात. आईच्या अंगाला सारखा धक्का लागतो, तिला कळतं की इथं आता जागा नाही, आणि पोटातल्या पोरीला पंख द्यायचे हे तिथंच ठरतं. पाणी गाळायचं फडकं पाण्यातले जीव अडवतं, उडणारे कसे अडवणार? रबराशेजारी एक चुणी मोकळी राहिली होती.

सोमवारी सकाळी दिव्या रोपांच्या खोलीतून पळत बाहेर आली. औषध पाजलेल्या माव्यांच्या रोपांवर पंखवाले धडधाकट मावे बसलेले, आणि त्यांच्या पोरी झालेल्या. कुठला जीवाणूवाला, कुठला बिनजीवाणूचा, काही कळायची सोय नाही. सगळ्यांचं तीन आठवड्यांचं काम मातीत. मग तिला मागच्या मांडणीवर ते फडकं दिसलं, कडेला आईनं लाल दोऱ्यानं टाका घातलेलं.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं. मला आधीच दिसत होतं, बॅग, स्टेशन, मिरज, अण्णांचा चेहरा. गावात काय सांगणार? पोरगी माव्यामुळं परत आली? मॅडमनी फडकं टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे काय आहे. मी सगळं सांगितलं. बस्ती, ओंजळ, नियम, पांजरपोळ. इंग्रजीत सुरू केलं, मध्येच मराठीत घसरले, मग आजोळच्या मोडक्या कानडीत. दिव्या दारात उभी होती, तिनं तोंडावर हात धरला. हसू दाबत होती की काय, कोण जाणे.

मॅडम हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, नियम पाळणाऱ्याबद्दल मला आदर आहे, पण लपवून पाळलेल्या नियमानं इथल्या सगळ्यांचं काम गेलं. प्रयोग पुन्हा सुरू करू, वेळ आहे. चिरडणं जमणार असेल तर तू राहा. नसेल तर तसं स्पष्ट सांग, मी तुला ग्रंथालयात वाचनाचं काम देते, त्यात कमीपणा काही नाही. उद्यापर्यंत ठरव.

ग्रंथालयात कमीपणा नव्हता, पण मला ते नको होतं. मला तो मावा हवा होता. हे मला त्या खोलीत उभं असतानाच कळलं आणि त्याची जास्त भीती वाटली. नियम मोडायला मी भीत होते असं मला वाटत होतं. खरं तर मला तो मोडावासा वाटत होता, आणि मोडला तर घरी काहीतरी होईल, अण्णा मोटरसायकलवरून पडतील, नदी चढेल, असलं काहीबाही मनात येत होतं. विज्ञान शिकायला आलेली पोर मी. हसा खुशाल.

दुपारी कॅम्पसातल्या एका झाडाखाली बसून आईला फोन केला. बोट तीनदा बटनावरून मागं घेतलं. मग एका दमात सांगून टाकलं, पानं मोजत नाही, मावा चिरडायचा आहे, नियम मोडेल, मोडू की परत येऊ.  पलीकडून कोंबड्याचा आवाज आला, शेजाऱ्यांच्या.

मग आई म्हणाली, "पानं मोजायला कोण बेंगळुरूला न्हेतंय व्हय? मला काय कळत न्हाय?"

पुढं ती म्हणाली, "उसावर अण्णा औषध मारत्यात तवा पाणी मीच आणून देतो की. त्यात काय थोडं जीव जात्यात? हात जोडतो आन् देतो. किडं वाचवायला न्हाय नियम दिलता मी. नियम घेतला की सोडवायला बस्तीत यावं लागतंय. तू म्हागारी यावीस म्हणून दिलता."

मग म्हणाली, "ते चिरडायचं तुझं तू ठरीव. पर मला खोटं सांगू नगंस," आणि फोन ठेवला. ती कधी आधी फोन ठेवत नाही.

मी तिथंच बसून राहिले. इतके दिवस मला वाटत होतं भित्री मी आहे. माझ्या आईला किड्यामुंग्यांची काळजी होतीच, पण त्याहून मोठी भीती तिनं तांदळांबरोबर माझ्या ओंजळीत घातली होती, आणि मला ती दिसलीच नव्हती. गज धरून चालत आली ती त्याच भीतीनं.

दुसऱ्या दिवशी मी नळीत मावे घेतले, मनात क्षमा मागितली आणि चिरडले.  आवाज होत नाही, काही नाही, एक हिरवट थेंब उरतो. मला वाटलं होतं एकदा केलं की सोपं होईल. आजही होत नाही, आणि होऊ नये असंच वाटतं. जीवाणू गेलेले मावे जगले, पण खुरटे राहिले, आणि त्यांना पोरी जवळजवळ झाल्या नाहीत. परत गेल्यावर बस्तीत उपाध्यांना जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी एक उपवास आणि जपाच्या माळा सांगितल्या आणि नियम सोडवून दिला. आई शेजारी उभी होती, डोळे मिटून, जणू परीक्षा तिचीच होती.

आता मी जर्मनीत आहे, पीएचडीचं दुसरं वर्ष, मावाच. लॅबमधल्या पोरांना मी पांजरपोळाची गोष्ट सांगते आणि ती हसून लोळतात. इथं सकाळी बेकरीत जाऊन ब्रेड आणायचा, सायकलला कुलूप लावायचं, दोन शब्द जर्मन, बाकी इंग्रजी, आणि स्वतःशी भांडताना आमच्या कुरुंदवाडची मराठी. उन्हाळ्यात इथं सूर्य इतक्या उशिरा मावळतो की दिवस मावळायच्या आत जेवायचं आईचं पथ्य पाळायला काही कष्टच पडत नाहीत. पण भीती कमी झाली असं म्हणू नका. व्हिसाची, थंडीची, फोन अवेळी वाजण्याची. जुलै आला की रोज सकाळी आधी पंचगंगेच्या पुराची पातळी बघायची, मग ईमेल.

दर वेळी निघताना आई नियम द्यायची. एकदा वांगं सोडायचा, एकदा दही, एकदा उगाच कुणाला टाकून बोलायचं नाही, तो तर मी विमानतळावरच मोडला. मी कुरकुर करायचे, काय गं हे, पण ओंजळ पुढं करायचे. आणि सोडवायला यायचे. कामाच्या ढिगातून, मॅडमपेक्षा कडक असलेल्या प्रोफेसरांकडून सुट्टी मागून, यायचेच.

यंदा मेमध्ये गेले होते. निघायच्या सकाळी बस्तीत गेलो, दर्शन झालं, आईनं उपाध्यांना माझी ख्यालीखुशाली सांगितली आणि बाहेर येऊन चपला घालायला लागली. मी ओंजळ करून उभी. म्हटलं, आई, नियम? ती म्हणाली, चल, अण्णा थांबलेत. मला वाटलं विसरली. वय झालंय, गुडघे दुखतात, विसरली असेल. पण इकडे आल्यापासून ते डोक्यातून जाईना. कामात ब्रश हातात धरलेला असायचा आणि मन तिकडेच. मग एका रविवारी फोनवर विचारलंच.

ती तांदूळ निवडत होती, खडे ताटलीत पडल्याचा आवाज येत होता. "किती दिस बांधून घालू तुला?" म्हणाली. "यायचं आसलं तर येशील की."

आवाजात राग नाही, रुसवा नाही. खडे वेचता वेचता सहज. आणि माझ्या पोटात जो गोळा आला, तसा मिरजेच्या फलाटावर नव्हता आला, मॅडमच्या खोलीत नव्हता आला. यायचं आसलं तर. इतकी वर्षं मला जावं लागत होतं, म्हणून मी जात होते, आणि त्याला घरची ओढ म्हणत होते. खरी ओढ किती आहे हे बघायची वेळच आली नव्हती. आता नाही गेले तर कुणी काही म्हणणार नाही. कुणाचा नियम मोडणार नाही, माळा जपाव्या लागणार नाहीत. आई तांदूळ निवडेल, अण्णा पेपर वाचतील, आणि एक वर्ष जाईल, मग दुसरं. कसं घडतं ते मी इथं बघितलंय, माझ्या आधी आलेल्यांचं. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. घर म्हणजे मला आता हेच वाटतं, जिथं न जायला मी मोकळी आहे आणि त्या मोकळेपणानं माझी झोप उडाली आहे, ती जागा.

फोन ठेवला आणि लगेच बसून दिवाळीचं तिकीट काढलं. आईला अजून सांगितलेलं नाही. थोडं भिऊ दे तिलाही.